गाडीत बॅटरी (हातातली!) अडकवायची कुठे आणि कशाने?

कोयनाकाठ

मंडळी नमस्कार. आधीच सांगतो, बॅटरी म्हणजे बॉनेटखालची नव्हे, हातातली, सेलवाली. टॉर्च म्हणा, विजेरी म्हणा.

मागच्या शनिवारी चिपळूणहून कराडला येत होतो, बायको शेजारी, पोरगा मागे झोपलेला, पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि चौथ्या की पाचव्या वळणावर मागचं डावं चाक बसलं. रात्रीचे साडेनऊ, आषाढातला पाऊस आणि धुकं असं की दहा पावलं मागे गेलो तर स्वतःच्याच गाडीचे इंडिकेटर दिसेनात. गाडीत टॉर्च आहे हे मला पक्कं माहीत होतं कारण ती मीच ठेवली होती. ग्लोव्ह बॉक्स उपसला, आरसी, पीयूसी, तीन वर्षांपूर्वीच्या टोलच्या पावत्या, अर्धा पुडा बिस्किटं, सगळं निघालं, टॉर्च नाही. शेवटी मोबाईल दातात धरून (खरंच, कव्हरवर वण आहेत) स्टेपनी चढवली. एक नट गवतात गेला तो बायकोने चपलेने चाचपून शोधला आणि मग हेळवाकपर्यंत गाडीत कोणी काही बोललं नाही.

टॉर्च सापडली सोमवारी. कोल्हापूर नाक्यावर जरा जोरात ब्रेक मारला तर सीटखालून घरंगळत आली आणि थेट ब्रेकच्या पॅडलशेजारी टाचेला लागून थांबली. बोटभर पुढे गेली असती तर पॅडलखाली. घाटात नाही घाबरलो एवढा तिथे घाबरलो.

तर आता ती कुठेतरी पक्की अडकवायची आहे. टॉर्च ॲल्युमिनियमची आहे, एका १८६५० सेलची (रिचार्ज होणारा जाडसर सेल), साडेतेरा सेंमी लांब, बुंधा २४ मिमी, वजन सेल धरून दीडशे ग्रॅमच्या आसपास. गाडी सात वर्षं जुनी हॅचबॅक. एका वेबसाइटवरून चिकटवायचा होल्डर मागवून पाहिला, पहिल्याच स्पीडब्रेकरला टॉर्चसकट खाली. तुम्ही लोक काय करता?

बॉनेट_उघडा

टर्मिनलची पट्टी घट्ट करा, खाली रबर घाला, हलणार नाही.

कोयनाकाठ

दादा, पहिलं वाक्य.

बॉनेट_उघडा

हाहा सॉरी, शीर्षक वाचून सरळ उत्तर टाकलं. हातातली असेल तर दाराचा कप्पा आहे की, त्यात काय एवढं.

गाडीवाली_ताई

दाराच्या कप्प्यात माझी दोन वर्षं होती. खडखड खडखड. फडक्यात गुंडाळली तर खडखड गेली पण मग वर पाण्याची बाटली, छत्री, पार्किंगच्या चिठ्ठ्या असं साठत जातं आणि लागते तेव्हा ती तळाशी. आणि नवरा गाडी घेऊन गेला की "इथे ठेवली होती" "मी नाही हलवली" हा संवाद ठरलेला.

माझी एकच परीक्षा आहे. सीटवर बसा, बेल्ट लावा, डोळे मिटा आणि हात घाला. तीन सेकंदात हातात आली तर जागा बरोबर. कारण ज्या वेळी खरी गरज असते तेव्हा तुम्ही अंधारात असता, गाडी कदाचित तिरकी असते आणि डोकं जागेवर नसतं. ग्लोव्ह बॉक्स या परीक्षेत नापास, डिकी तर बसतच नाही परीक्षेला.

कोयनाकाठ

ताई हे आवडलं. आत्ता खाली जाऊन डोळे मिटून हात घालून बघितलं, वॉचमन विचारत होता काय हरवलंय.

मोबाईल_पुरे

२०० प्रतिसाद होणार बहुतेक या धाग्याला आणि सगळ्यांच्या खिशात टॉर्च आहेच :) मोबाईलवर भागतं हो.

गाडीवाली_ताई

भागतं, दात मजबूत असतील तर. पण मोबाईलवरून त्याच वेळी फोन पण करायचा असतो, लोकेशन पाठवायचं असतं, पावसात ओल्या बोटांनी तो स्क्रीन ऐकत नाही आणि चार्जिंग नेमकं त्याच दिवशी सात टक्के. शिवाय त्याचा उजेड पसरट, तुमच्या हातापुरता. वळणावरून येणाऱ्या ट्रकला दिसायला लांब जाणारा झोत लागतो.

स्पॅनर_१०_१२

जागा ठरवायच्या आधी कुठे लावायचं नाही ते ठरवा. गॅरेजमध्ये लोकांनी केलेले एकेक प्रकार बघतो म्हणून लिहितोय.

डॅशबोर्डच्या वर काहीही नको. डावीकडे पॅसेंजरची एअरबॅग तिथूनच उघडते, २०२२ पासून तर नव्या गाडीत पुढे दोन्हीकडे सक्तीचीच आहे, तुमच्या सात वर्षं जुन्या गाडीत असेल नसेल ते मॅन्युअलमध्ये बघा. एअरबॅग फुगते ती साधारण ३० मिलिसेकंदात, पापणी लवायला त्याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. तिच्या वाटेत बसवलेली कुठलीही वस्तू म्हणजे तोफेत घातलेला गोळा. काचेशेजारचा पुढचा खांब पण नको, महागड्या मॉडेलांत पडद्यासारखी एअरबॅग त्याच्या आत आणि छताच्या कडेला घडी करून ठेवलेली असते. मधल्या खांबाच्या तळाशी बेल्टचं रीळ असतं, तिथे ड्रिल लावणारा एक महाभाग मी बघितलाय. आणि सीटखाली हात घालाल तेव्हा पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका, पिवळा म्हणजे एअरबॅगची लाईन.

ड्रायव्हरच्या सीटखाली किंवा सीटच्या पुढच्या कडेला तर अजिबात नको. क्लिप सुटली की पुन्हा तेच, पॅडलखाली.

आता हिशोब. ५० च्या स्पीडने चाललेली गाडी जागच्या जागी थांबली तर आतली सुटी वस्तू ५० नेच पुढे जाते. तो वेग म्हणजे दहा मीटर उंचीवरून खाली टाकलेल्या वस्तूचा वेग, तिसऱ्या मजल्यावरून समजा. तुमची दीडशे ग्रॅमची आहे म्हणून ठीक, तीन मोठ्या सेलची जाडजूड टॉर्च असते ती पाऊण किलोच्या वर जाते. मागच्या काचेपाशी ठेवलेल्या टॉर्चा, छत्र्या, देवाच्या पितळी मूर्ती बघितल्या की मला मागे बसलेल्यांची डोकी दिसतात.

बॉनेट_उघडा

देवाची मूर्ती पण नको म्हणता? आता वाद होणार.

स्पॅनर_१०_१२

ठेवा, पण बोल्टाने पक्की करा. देवही सुरक्षित, आपणही.

वऱ्हाडी_ऊन

अकोल्याहून बोलतोय. तुम्हा कोकण घाटवाल्यांना पावसाचं पडलंय, आमच्याकडे प्रश्न मे महिन्याचा असतो भाऊ. मी टॉर्च विंडस्क्रीनखाली ठेवली होती, साधे पेन्सिल सेल होते आत. जूनमध्ये काढली तर झाकण उघडेना. पक्कडीने पकडून फिरवली तर आतून पांढरी पूड, सेल फुगून नळीला चिकटून बसलेले. काठीने ठोकून बाहेर काढले. अल्कलाईन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं आणि हवेशी मिळून त्याची ती पांढरी बुरशीसारखी पूड होते. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस फिरवला की निघते, पण आधी हातमोजे घाला, कातडीला चरचरतं. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर मात्र टॉर्च गेली. स्वस्तातले झिंक कार्बन सेल तर आणखी वाईट, त्यात जस्ताचा डबा हाच सेलचा भाग असतो, वापरता वापरता तोच झिजतो आणि फुटतो.

२०१८ ला अमेरिकेत ॲरिझोनाच्या विद्यापीठाने गाड्या उन्हात लावून मोजलं होतं, आपल्या अकोल्यासारखाच उन्हाळा तिथे. तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ डिग्री, सीट ५१. सावलीत लावलेल्या गाडीत डॅशबोर्ड ४८. म्हणजे एकाच गाडीत दोन जागांत १८ डिग्रीचा फरक. टॉर्च जेवढी खाली आणि जेवढी सावलीत, तेवढे सेल जगणार.

कोयनाकाठ

माझ्यात लिथियम आयन आहे, तो १८६५०. त्याचं काय?

वऱ्हाडी_ऊन

त्या सेलना बहुतेक ६० डिग्री ही वरची मर्यादा दिलेली असते, म्हणजे डॅशबोर्डवर तर नकोच. खाली पायाशी चालेल. आणि गाडीत ठेवायचा तर पूर्ण भरून ठेवू नका, ४.२ व्होल्टपर्यंत भरलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो. निम्म्याच्या जरा वर ठेवायचा, दर दोन-तीन महिन्यांनी बघायचा. मी आता एकदाच वापरायचे लिथियमचे पेन्सिल सेल घालतो, महाग आहेत पण वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाझरायची भीती जवळपास नाही.

हिमवर्षाव_मिशिगन

+१ त्या लिथियम सेलना. इकडे उलटा त्रास, जानेवारीत उणे २० ला अल्कलाईन सेल अर्धमेले होतात, टॉर्च लागते पण काजव्यासारखी. लिथियमचे उणे ४० पर्यंत चालतात म्हणून पाकिटावर लिहिलेलं असतं, मी उणे २५ पर्यंतची खात्री देतो, त्याखाली मीच चालत नाही.

मूळ प्रश्नावर: इकडे पोलिसांच्या गाड्यांमुळे ही सोय फार जुनी आहे. मॅगलाईटची ती लांबलचक ॲल्युमिनियमची टॉर्च १९७९ ला आली, त्यांचे मोठ्या सेलच्या टॉर्चसाठीचे स्प्रिंगसारखे काळे ब्रॅकेट जोडीने मिळतात, दोन स्क्रूने ठोकायचे, एक मानेपाशी एक बुडाशी. माझ्या जुन्या पिकअपमध्ये सीटमागे लावलेत. पण तुमच्या २४ मिमीच्या टॉर्चला ते म्हणजे पोराला बापाचा शर्ट.

नागोयाहून

इथे जपानमध्ये हा प्रश्न गाडी बनवतानाच सोडवलेला आहे, म्हणून गंमत वाटली वाचताना.

इथे प्रत्येक गाडीत इमर्जन्सी फ्लेअर असावाच लागतो. लाल नळकांडं, झाकण घासलं की पेटतं, पाच मिनिटं लाल ज्वाळा, रेल्वे फाटकात किंवा एक्स्प्रेसवेवर गाडी अडकली तर मागच्यांना इशारा. ते ठेवायला गाडीतच प्लास्टिकची क्लिप असते, बहुतेक गाड्यांत डावीकडच्या प्रवाशाच्या पायाजवळ, डॅशबोर्डखाली. फ्लेअरला चार वर्षांची मुदत असते, म्हणून हल्ली बरेच लोक त्या जागी सेलवर चालणारा एलईडीचा लाल दिवा घेतात, तपासणीला तो चालतो आणि बसतो त्याच क्लिपमध्ये. काही दिव्यांना टोकाला पांढरी टॉर्च पण असते.

मुद्दा असा की इथले ड्रायव्हर पण आपल्यासारखेच उजवीकडे बसतात, तरी जागा निवडली ती डावीकडची, खालची, सावलीतली, पॅडलपासून लांब. वर स्पॅनर आणि वऱ्हाडी यांनी जे जे सांगितलं ते सगळं त्या एका क्लिपमध्ये आहे.

गाडीवाली_ताई

पण बेल्ट लावून हात पोचतो का तिथे?

नागोयाहून

प्रामाणिकपणे? आत्ता करून बघितलं. माझा नाही पोचला, बेल्ट अडवतो. बायकोचा तर नाहीच. शेजारी माणूस असेल तर तो काढून देतो, एकटे असाल तर बेल्ट काढावा लागतो.

स्पॅनर_१०_१२

मग तीच जागा पण अलीकडे आणा. गिअरच्या खाली जो मधला कन्सोल असतो त्याची डावी बाजू, प्रवाशाच्या उजव्या पोटरीकडची. खाली आहे, सावली आहे, पॅडल पलीकडे आणि मधे कन्सोलची भिंत. डावा हात गिअरवरून खाली सोडला की पोचतो.

वायरमनदादा

कोयनाकाठ, ब्रॅकेट विकत घेऊच नका. इलेक्ट्रिकलच्या दुकानात जा आणि २५ एमएम कन्ड्युट पाईपची क्लिप मागा. सॅडल नको, सॅडलला दोन्हीकडून स्क्रू असतो आणि पाईप कायमचा जखडतो. वरून तोंड उघडी असते, पाईप दाबला की टक्कन बसतो आणि ओढला की निघतो, ती. चार-पाच रुपयाला एक. वायरिंगच्या पाईपचा आकडा म्हणजे बाहेरचं माप, २५ म्हणजे बाहेरून २५, तुमची टॉर्च २४. आत जुन्या सायकलच्या ट्यूबची एक पट्टी टाकली की मापात आणि खडखड पण बंद.

प्लंबिंगच्या दुकानात चुकून गेलात तर गोंधळ होईल, तिथला पाऊण इंची सीपीव्हीसी (पाण्याचा प्लास्टिक पाईप) बाहेरून २२ भरतो आणि इंची साडेअठ्ठावीस. एक घट्ट, एक ढिला.

कोयनाकाठ

आज क्लिपा आणल्या. दुकानदाराने "किती पेटी" विचारलं, मी म्हटलं दोन नग. तोंड बघण्यासारखं होतं. एकवीस इंचाची जुनी ॲल्युमिनियम पट्टी पडली होती, तिचा तुकडा कापून त्यावर दोन क्लिपा मारल्या, सव्वातीन इंच अंतर ठेवून, आणि डबल टेपने कन्सोलला डाव्या बाजूला चिकटवलं. ताईंची परीक्षा: अडीच सेकंद! फोटो चढत नाहीये, नंतर टाकतो.

चिकटपट्टी

किती दिवस राहतंय ते सांगा.

कोयनाकाठ

चार दिवस. आज दुपारी उन्हातून गाडी काढली तर पट्टी खाली लोंबकळत होती, टॉर्च क्लिपातच. आणि त्याआधीच घरातून तक्रार आली होती, बायको चढता उतरता तिची पोटरी पट्टीच्या कोपऱ्याला घासते, सलवारीचा धागा पण निघाला. तिचं म्हणणं, नट मी शोधायचा आणि वर ओरखडे पण मीच काढून घ्यायचे का.

चिकटपट्टी

वाटलंच होतं, म्हणून विचारलं. टेपचा दोष नाही, बहुतेक वेळा खालच्या प्लास्टिकचा असतो. गाडी धुणारा पोरगा डॅशबोर्ड चमकवायला जे पॉलिश मारतो त्यात सिलिकॉन असतं, त्यावर काही म्हणजे काही चिकटत नाही. आधी साबणपाणी, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा नवा कापूस घ्या नाहीतर तेच तेल परत पसरतं. टेप फेसवाली ॲक्रिलिकची घ्या, साधी स्पंजची पांढरी नको, ती उन्हाळ्यात च्युइंगमसारखी होते. दाबून धरा आणि मुख्य म्हणजे लगेच वजन टाकू नका, तिची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तुम्ही चिकटवून लगेच टॉर्च अडकवून परीक्षा दिलीत ना?

कोयनाकाठ

दिली ना. अडीच सेकंदाच्या नादात.

चिकटपट्टी

आणि तुमचं प्लास्टिक दाणेदार असेल तर टेप फक्त दाण्यांच्या टोकांना चिकटते, निम्मी हवाच. अशा ठिकाणी मी टेप वापरत नाही, मी, ज्याचं नावच चिकटपट्टी आहे.

जाता जाता, डिकीत ठेवायची असेल तर वेल्क्रोची खरखरीत बाजू नुसती टॉर्चला गुंडाळा, डिकीचं कार्पेट हीच तिची दुसरी बाजू. काही चिकटवायची गरज नाही. पण ताई म्हणाल्या तसं, ती डिकी.

स्पॅनर_१०_१२

कन्सोल कशाने तरी बसवलेला असतोच. डावीकडे पुढे, प्रवाशाच्या पायाच्या अंगठ्यासमोर, बऱ्याच गाड्यांत एक स्क्रू असतो, कधी उघडा कधी छोट्या टोपीखाली. तो काढा, पट्टीला भोक पाडा, त्याच स्क्रूखाली पट्टी धरून परत बसवा. नवीन भोक नाही, वॉरंटीचा प्रश्न असेल तर तोही नाही. तिथे पोटरी पोचत नाही, बूट पोचतो.

वायरमनदादा

पण स्क्रू लांब घेऊ नका! पट्टी दोन एमएम जाड म्हणून लोक अर्धा इंच लांब स्क्रू घालतात आणि आतल्या वायरिंगला भोसकतात. आहे तोच चालतो का बघा, फार तर दोन-तीन एमएम जास्त, टोक बोथट.

स्पॅनर_१०_१२

बरोबर. अजून एक, हे कोणी बोललं नाही. क्लिप टॉर्चला आडवी धरते पण लांबीच्या दिशेने टॉर्च सरकू शकते, आणि ठोकर बसते ती लांबीच्याच दिशेने. अशा वेळी क्षणभर वस्तू वीस-तीसपट जड होते, तुमची दीडशे ग्रॅम म्हणजे तीन ते साडेचार किलोची ओढ. चार रुपयाची क्लिप सरकू देणार. म्हणून पट्टीचं पुढचं टोक काटकोनात वाकवा, टॉर्चचं तोंड त्याला टेकलं पाहिजे. मग ती पुढे जाऊच शकत नाही. एका स्क्रूवर पट्टी गोल फिरेल म्हणून मागच्या बाजूला चिकटपट्टी सांगतात ती टेप, या वेळी ७२ तास थांबून.

मोबाईल_पुरे

एका टॉर्चसाठी ॲल्युमिनियमचं काटकोन वाकवणं चालू आहे. मी वाचतोय हे मला पटत नाहीये.

बॉनेट_उघडा

मी पण रोज येऊन बघतोय काय झालं ते.

कोयनाकाठ

झालं. रविवारची सकाळ गेली. पट्टी वाइसमध्ये धरून वाकवली, पहिल्यांदा चीर पडली कारण मी एका फटक्यात वाकवली, दुसरा तुकडा हळूहळू हातोडीने मारत नेला. कोपरे कानशीने गोल केले, पोटरी लक्षात ठेवून. स्क्रू तोच पुरला. पुढच्या अडसराला ट्यूबचा तुकडा चिकटवला म्हणजे काचेला ओरखडा नको. टॉर्च आता जमिनीपासून वीतभर उंच, आडवी, तोंड पुढे, बटण वरच्या बाजूला.

एक गडबड झाली ती सांगतो. क्लिपात दाबून बसवताना बटण दाबलं गेलं आणि मला कळलंच नाही, दिवसाचा उजेड. दहा मिनिटांनी रबर जळाल्याचा वास. तोंड अडसराला टेकलेलं, ट्यूबचा तुकडा चिकट झालेला, टॉर्च हातात धरवत नव्हती. स्पॅनरसाहेब, तुमच्या अडसराने गाडी वाचवली असती पण पेटवली पण असती.

स्पॅनर_१०_१२

च्यायला. हे माझ्या डोक्यातच नाही आलं.

वऱ्हाडी_ऊन

बुडाचं झाकण पाव-अर्धा आटा सैल करून ठेवा. ॲल्युमिनियमच्या चांगल्या टॉर्चच्या आट्यांवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे वीज वाहू न देणारा थर असतो, झाकण पूर्ण घट्ट असतं तेव्हाच सर्किट जुळतं. सैल केलं की बटण कितीही दाबा, लागत नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक बटणवाल्या टॉर्चा बंद असतानाही थोडं थोडं खातात, तेही थांबतं. दोन कामं एका पिळात.

गाडीवाली_ताई

मग माझी परीक्षा बदलावी लागेल. काढा, पिळा, लावा. कितीत होतंय?

कोयनाकाठ

डोळे मिटून, बेल्ट लावून, पिळून, उजेड पडेपर्यंत: सहा सेकंद. पोराने चार सेकंदात केलं आणि आता गाडीत बसला की तोच खेळ. अडसर पण बदलला, सपाट नाही, पट्टीचं टोक मधे कापून इंग्रजी यू सारखं केलंय, टॉर्चची कडाच टेकते, काचेसमोर मोकळी जागा.

नागोयाहून

फोटो टाका हो.

कोयनाकाठ

फोटो अजून चढत नाही, ८ एमबीचा आहे म्हणतंय. पण काल एक झालं ते सांगतो. रात्री पाटणवरून येताना एक जोडपं स्कूटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभं, बिघाड काही नाही, नुसती किल्ली पडलेली गवतात. थांबलो, डावा हात खाली सोडला, टक्कन बाहेर. किल्ली दोन मिनिटांत सापडली. बायको आतूनच म्हणाली, "चपलेने चाचपून बघा म्हणावं."

मोबाईल_पुरे

बरं. ती क्लिप इलेक्ट्रिकलवाल्याकडे मिळते की प्लंबिंगवाल्याकडे? माझी टॉर्च नाहीये, बायकोची आहे. ३१ मिमी भरतेय.

वायरमनदादा

इलेक्ट्रिकल. ३२ ची मागा. आणि टॉर्च बरोबर घेऊन जा, दुकानातच बसवून बघा. दोन नग म्हणाल तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघू नका.